मधल्या खोलीतलं लोखंड

मंगळवार, ४

आज सकाळी आमच्या घरात टेम्पोभर लोखंड आलं, आणि मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. सोबत दोन हमाल आणि कपाटाची बायको. कपाट म्हणजे फर्निचर नव्हे. कपाट म्हणजे यांचा व्यायामशाळेतला जुना जोडीदार. दारातून आडवा होऊन आत यायचा, म्हणून सगळे त्याला कपाट म्हणत. तो गेल्या वर्षी गेला. त्याच्या बायकोला गॅरेज रिकामं करायचं होतं, तेव्हा तिला आमचे हे आठवले. भंगारवाला आठवला असता तर मी तिचे उपकार मानले असते. तसं बोलले नाही. चहा दिला, बिस्किटं दिली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी आम्हाला मनातलं तोंडावर येऊ न देता चहा द्यायला शिकवलं होतं, ते असं उपयोगी पडतं.

मधली खोली लेकीची. ती लग्न होऊन दूर गेली तरी तिचा पलंग तिथेच होता. आता पलंग भिंतीला उभा, आणि मध्ये एक वाकडा रॉड, गंजक्या प्लेटा, रॉड टेकवायच्या दोन लोखंडी घोड्या. हे हातात ओलं फडकं घेऊन एकेक प्लेट पुसत बसले होते. लेकीला आंघोळ घालतानासुद्धा एवढ्या हळुवारपणे पुसलं नव्हतं.

यांच्या हृदयात जाळी बसवलेली आहे. चालायचं, बाकी काही करायचं नाही, असं तेव्हा बजावलं होतं. मी सगळा जन्म हॉस्पिटलात काढला, मेट्रन म्हणून निवृत्त झाले. श्वास कोंडून वजन उचललं की छातीत काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. यांना मात्र रोज सांगावं लागणार, असं दिसतं.

बुधवार, ५

विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "सहज." सहज माणूस वर्तमानपत्र वाचतो. सहज कुणी घरात शंभर वर्षांचा गंज आणत नाही.

लेकीला फोन केला. वाटलं, ती तरी कान उपटेल. ती बापाची बाजू घेऊन मोकळी. वर मलाच विचारते, तुझा पाय कसा आहे. पायाला काय धाड भरली आहे? मागच्या महिन्यात न्हाणीघरात घसरले, तेव्हापासून डावा जरा ऐकत नाही, एवढंच. काठी तात्पुरती आहे. त्या दिवशी हे मला उठवायला वाकले, दोनदा प्रयत्न केला, मग खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी मला उशी उचलावी तसं उचललं. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. माझा संताप लोखंडाबद्दल आहे आणि तो तिथेच राहू द्यावा.

शुक्रवार, ७

हे आता दार आतून लावून घेतात.

पहाटे उठतात, चहासुद्धा घेत नाहीत, आणि कडी वाजते. मी बाहेर स्टूल टाकून बसते. प्लेट रॉडवर सरकल्याचा आवाज येतो. मग पावलं. मग लांब श्वास आत, आणि त्यानंतर काहीच नाही. त्या "काहीच नाही"मध्ये मी मनात सेकंद मोजते. वॉर्डात मी माणसं जाताना पाहिली आहेत, तिथेही आधी असाच एक श्वास आत जायचा. मग फुस्सकन हवा सुटते, रॉड घोडीवर आपटतो, आणि मी स्टूल उचलून स्वयंपाकघरात पळते, म्हणजे लंगडत जाते, की बाहेर आल्यावर यांना मी दाराशी दिसू नये.

आज विचारलं, कडी कशाला? म्हणाले, "तू बघत असलीस की माझे पाय कापतात." मी म्हटलं, मी बघत नसले तरी ते कापतच असतील, फक्त मला कळणार नाही. यावर हसले. मला हसू आलं नाही.

दुपारी खालचे दातवाले आले. म्हणाले, काकू, तक्रार नाही, पण क्लिनिकच्या आधी मी जरा झोपतो आणि डोक्यावर काहीतरी पडतं. मी म्हटलं, माझ्याही डोक्यावर तेच पडलंय. गृहस्थ चांगले आहेत. काका, माझ्या जिमला चला ना, म्हणाले. उद्या शनिवार, गर्दी नसेल.

यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचा कप उचलून उगाच धुवायला नेला. ज्या माणसानं बायकोला उचलायला मदत केली त्याच्याशी एवढं तुटक वागायचं? माणुसकी म्हणून काही असते की नाही?

शनिवार, ८

मीच ओढून नेलं. वाटलं, एसीत, डॉक्टरांच्या देखत, हलकं काहीतरी करतील आणि घरचं लोखंड भंगारात जाईल.

जिम म्हणजे विमानतळ. काच, काचेत काच. मला सोफ्यावर बसवलं आणि काकडीच्या चकत्या टाकलेलं पाणी दिलं. आत माणसं पळत होती आणि जागच्या जागीच होती. प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेलं. ट्रेनरनं यांना एका खुर्चीत बसवून दोन दांड्या हातात दिल्या. यंत्र बोलायला लागलं, शाब्बास, अजून तीन. हे दांड्या सोडून उठले आणि यंत्राकडे असे पाहत राहिले की ते आता माफी मागणार.

परत येताना गाडीत काच खाली केली. म्हणाले, "तिथे कुणी कुणाच्या मागे उभं राहत नाही."

मला वाटलं होतं, हे जिमच्या फीवरून बोलतील. ती मी विचारून घेतली होती. तेवढ्या पैशांत यांच्या आयुष्यभराच्या प्लेटा नव्या आल्या असत्या.

मंगळवार, ११

आज हे बोलत सुटले. मी भाजी निवडत होते, पळून जाता आलं नाही.

त्यांची जुनी व्यायामशाळा लाकडाच्या वखारीखाली होती. छत एवढं बुटकं की रॉड डोक्यावर न्यायचा तर गुडघ्यावर बसायचं. प्लेटा ओतणाऱ्यानं भंगारातून ओतलेल्या, त्यावर रंगवलेलं वजन आणि खरं वजन यांची कधी गाठच पडली नाही. त्यामुळे कुणी आकड्याची फुशारकी मारायचा नाही. "काळी मोठी" उचलतोस की "फुटकी" उचलतोस, एवढंच. आरसा एक, तोही तडकलेला, आणि त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याला उस्ताद विचारायचा, मुलगी बघायला निघालास का? सगळ्या खोलीला तेलाचा, घामाचा आणि ओल्या लाकडाचा वास. मला तो वास ठाऊक आहे. लग्नानंतर कित्येक वर्षं तो माझ्या धोब्याच्या गाठोड्यात होता.

मग कपाट आला. तो कुठल्याही गोष्टीत येतोच. खांद्यांवर रॉड घेऊन बैठका मारायच्या आणि कपाट मागे उभा, यांच्या बरगड्यांपासून वीतभर अंतरावर हात धरून. "बस," म्हणाला की खाली जायचं. "ऊठ," म्हणाला की वर. तो म्हणेपर्यंत वर यायचं नाही, मग पाय फाटले तरी. "डोकं चालवायचं कामच नाही," हे म्हणाले. "डोकं त्याच्याकडे. आपण नुसते पाय."

मी म्हटलं, याला आमच्या शाळेत उठाबशा म्हणत, आणि वही विसरली की सिस्टर फुकटात करून घेई. तुम्ही लोक त्यासाठी वर्गणी भरत होता.

हे हसले नाहीत. "आता मागे कुणी नाही," म्हणाले, आणि माझ्या पुढ्यातल्या निवडलेल्या भाजीत न निवडलेली मिसळली.

मेलेल्या मित्रासाठी माणूस रडतो, दोन दिवस जेवत नाही. त्याच्यासाठी जीव द्यायला निघत नाही. हे मी यांना तोंडावर ऐकवलं. "हे त्याच्यासाठी नाही," एवढंच म्हणून उठले. मग कुणासाठी? वय झालं की पुरुषांना आरशाचा कळवळा येतो, दुसरं काय.

गुरुवार, १३

यांची हृदयाची डॉक्टरीण माझ्या हाताखाली शिकलेली. मी वॉर्डात शिरले की तिच्या हातातला ट्रे वाजायचा. आज तिच्याकडे यांना आरोपीसारखं उभं केलं. छातीला पट्ट्या लावल्या, चालत्या पट्ट्यावर पळवलं, हृदयाची सोनोग्राफी झाली. मी वाट पाहत होते की ती एकदा ओरडेल आणि प्रश्न मिटेल.

ती म्हणाली, वयाच्या मानानं हृदय छान आहे. हलकं वजन चालेल. श्वास कोंडायचा नाही, आणि एकटं असताना करायचं नाही. हलकं म्हणजे किती, असं यांनी विचारलं, तर तोवर तिची नजर माझ्या काठीवर. मॅडम, कंबर दाखवलीत का? वजन केव्हा पाहिलंत? मी म्हटलं, आज पेशंट हे आहेत. तिनं काटा पुढे सरकवला तर तोंडानंच आकडा सांगून मोकळी झाले. परत पडलात तर, ती म्हणायला लागली. मी पर्स उचलली.

परत येताना रिक्षात चढायला हे माझ्या मागे उभे राहिले, हात पुढे धरून. मी म्हटलं, मी काय लहान आहे? हात तसेच होते.

रविवार, १६

तह झाला. कडी लावायची नाही. मी आत खुर्ची टाकून बसणार, शेजारी ब्लडप्रेशरचं यंत्र. कपाळावर आठी दिसली तरी मी थांबवणार आणि हे थांबणार. लेकीनं फोनवर दोघांकडून कबूल करून घेतलं, जशी आम्हीच तिची पोरं.

पहिल्यांदा बघितलं. खडूची पूड तळव्याला, दोन घोड्यांमध्ये शिरून रॉड मानेखाली घेतला, दोन पावलं मागे. मग अगदी हळू खाली गेले. पायांवरचं कातडं लोंबतं आहे, पण त्याच्या आत काहीतरी अजून हललं. मी पोरगी असताना एका स्पर्धेत यांना मंचावर पाहिलं होतं, अंगाला तेल लावून उभे, आणि मैत्रिणीला म्हटलं होतं, हा माणूस की बेकरीतली पाव-लादी? ती आठवण आज नेमकी आली आणि मला राग आला.

श्वास सोडतात, कोंडत नाहीत. बघत होते मी. पण रोज एक छोटी प्लेट वाढते, हेही बघत होते. विचारलं, हे कुठवर? "एका ठरावीक वजनापर्यंत," म्हणाले. कुठलं ते सांगत नाहीत. तुमच्या त्या फुटकीपर्यंत? नाही म्हणे. ना सर्टिफिकेट, ना स्पर्धा, ना पदक. मग त्या वजनात काय सोनं आहे?

मंगळवार, १८

पेन दोनदा खाली ठेवलं. तरी लिहिणार.

आज प्लेटा चढवून झाल्यावर हे रॉडसमोर उभे राहिले आणि म्हणाले, आजचं झालं की बास, पुढे वाढवणार नाही. मला बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

पहिली बैठक ठीक. दुसरीत चेहरा लाल. तिसऱ्या वेळी खाली गेले तेव्हा मानेची शीर दोरीसारखी फुगली, ओठ मिटलेले. श्वास कोंडला होता. मी पाहिलं. वर आले कसेबसे, गुडघे आत वळत होते, रॉड एका बाजूला कलला होता. घोड्या दोन पावलांवर. आता ठेवतील, आता ठेवतील. मी खुर्चीतून उठले आणि वॉर्डात ओरडायची त्या आवाजात ओरडले, "बस!"

आणि हे खाली गेले.

मी म्हटलं पुरे. यांनी ऐकलं खाली बस. सबंध रॉड पाठीवर घेऊन हा माणूस माझ्या एका शब्दावर पुन्हा तळाशी गेला आणि तिथे थांबला. डोळे समोरच्या भिंतीवर. वर येत नाहीत, रॉड टाकत नाहीत, काही नाही. पुढच्या शब्दाची वाट बघताहेत.

काठी कुठे पडली ते आठवत नाही. मी यांच्या मागे होते, दोन्ही हात बगलेखाली. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नर्सिंगच्या पोरींना शिकवायची तसंच. डाव्या पायातून कळ डोक्यापर्यंत गेली. छातीवर माझे तळवे होते आणि आत धडधड अशी की कुणाची ते कळेना. "ऊठ," मी म्हटलं. "ऊठ. ऊठ. ऊठ."

उठले.

रॉड घोडीवर आदळला. खालून दातवाल्यांनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं असावं. हे जमिनीवर बसले, मीही, कारण मला उभं राहता येत नव्हतं. यंत्र लावलं. आकडा बघितला, पट्टा सैल केला. पुन्हा लावलं. उतरत होता. तिसऱ्यांदा बराच खाली आला, तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. कडक शब्दांत. काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, सिस्टरनं तोंड साबणानं धुतलं असतं. मी पुरे म्हणाले होते, पुरे! बस म्हणजे पुरे, एवढं कळत नाही?

यांचे डोळे ओले होते आणि हसत होते. म्हणाले, "मला वाटलं, तू मला 'बस' म्हणालीस. 'बसा' नाही."

एवढ्या वर्षांत मी यांना एकेरी हाक मारलेली नाही. वॉर्डातल्या पोरालाही मारली नाही. मी ते सांगायला लागले. यांनी ऐकलंच नाही. भिंतीकडे बघत राहिले, आणि मग असं बोलले की जणू मी खोलीत नाही:

"तो खालचा तुला उचलत होता आणि मी टॉवेल धरून उभा होतो."

मला वाटलं, डोक्याला रक्त कमी पडतंय. त्याचा इथे काय संबंध? मग कळलं. सगळं एकदम नाही, थोडंथोडं. हे म्हणाले, त्या दिवशी दोनदा वाकलो, दोनदा पाय थरथरले. पुढच्या वेळी खालचा घरी नसला तर? रॉडवर आज तुझं वजन होतं, म्हणाले. तू डॉक्टरणीला सांगितलंस तेवढं. अगदी तेवढं.

मला काही बोलायचं होतं. बोलले, "चहा करते." करता आला नाही, उठताच येईना. यांनी केला.

बुधवार, १९

कमरेवर बर्फ. लेकीचा फोन घेतला नाही. डॉक्टरणीला फोन करून माझ्या पायाची वेळ घेतली. हे शेजारच्या खोलीत ऐकत होते, म्हणून मुद्दाम मोठ्यानं घेतली.

शनिवार, २२

डॉक्टरीण म्हणाली, यांचं ठीक आहे, निम्म्या वजनाच्या वर जायचं नाही. माझ्या कमरेचा एक्स-रे काढायचा आहे, कदाचित खुब्याचा सांधा बदलावा लागेल. बदलू. माणसं काय काय बदलतात.

घरी आल्यावर यांना म्हटलं, निम्म्या वजनानं मी निम्मीच उचलली जाईन, अर्धी न्हाणीघरात राहीन, ते चालणार आहे का? तेव्हा रॉड बाजूला ठेवा आणि माणूस कसा उचलतात ते शिका. मी ते आयुष्यभर शिकवलं आहे.

मधल्या खोलीत चादर घातली आणि मी खाली बसले. त्यालाच बराच वेळ गेला. यांना मागे यायला सांगितलं, एक गुडघा टेकवा, हात माझ्या बगलेखालून, माझी मनगटं धरा, पाठीनं नाही, पायांनी. हे म्हणाले, हे तर कपाट शिकवायचा तेच. मी म्हटलं, कपाट नर्सिंगला असता तर चांगला निघाला असता. श्वास सोडत उठा, मी सांगेन तेव्हा.

यांनी जुळवून घेतलं. माझ्या मानेवर यांचा श्वास लागत होता. मग माझ्या लक्षात आलं की डॉक्टरणीला मी सांगितलेला आकडा माझ्या निवृत्तीच्या वेळचा होता. त्यानंतरचं वजन माझ्या आणि साडीवाल्याच्या खेरीज कुणाला माहीत नाही. हे ज्या ओझ्यासाठी तयार झाले होते त्याच्यापेक्षा मी बरीच जास्त होते, आणि ते आता सांगितलं तर हा माणूस उद्या परत प्लेटा चढवेल.

"ऊठ," मी म्हटलं, आणि म्हणताना उजवा पाय जमिनीत रोवला, होती नव्हती तेवढी ताकद लावून खालून रेटा दिला. दात आवळले. तोंडातून आवाज येऊ दिला नाही.

उभी राहिले. दोघंही उभे. हे माझे हात सोडेनात. श्वास चढलेला, चेहरा असा की मंचावर उभे आहेत.

मी म्हटलं, जमलं की. एकट्यानं.

हे माझ्या मागेच उभे राहिले. मग म्हणाले, "कपाट शेवटच्या बैठकीला रॉडखाली दोन बोटं लावायचा. आणि नंतर शपथेवर सांगायचा, मी हात लावलाच नाही, सगळं तुझंच होतं. मी कधी बोललो नाही त्याला."

आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली.

इतक्या चांगल्या घडीला या माणसाला तो कपाटच कसा आठवतो, मला कळत नाही.